भिंगांची सोयरीक

मेलबर्न शहर सकाळी उठून जे काही सोडतं ते वेरिबीच्या तळ्यांत येऊन पडतं, आणि जगात उरलेसुरले केशरी पोटाचे पोपट हिवाळ्यात टास्मानियाहून समुद्र ओलांडून नेमके त्याच तळ्यांच्या काठी चरायला उतरतात. पक्ष्यांना नाक नसावं, असं मर्ल प्राउसचं जुनं मत होतं. पक्षी बघणाऱ्या माणसांनाही नसतं, ही भर तिने पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात गेल्यावर घातली. तीस म्हातारीकोतारी माणसं घरच्या गाद्या सोडून, पहाटेच्या थंडीत, शहराच्या मैल्याकडे दुर्बिणी लावून बसायची आणि एकमेकांना केक द्यायची.

मर्ल एकाहत्तर वर्षांची होती. चाळीस वर्षं तिने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. खाटीक, दारूचे गुत्ते, दोन दंतवैद्य आणि एक प्रेतं नेणारी कंपनी. सगळ्यांची अक्षरं तिने खाली रेघ न ओढता, नुसत्या हाताने काढली होती. जिलाँगच्या रस्त्यावरून गाडीतून जाताना ती अजूनही नवऱ्याला कोपर मारून म्हणायची, "तो 'एस' बघ. असा 'एस' आता कोणाच्या बापाला येतो?" नवरा बघायचा, कारण न बघितलं तर पुढच्या सिग्नलला परत कोपर बसायचं.

अशा बाईला मागच्या हिवाळ्यात तीस माणसांसमोर हातांवरून ऐकून घ्यावं लागलं होतं.

झालं होतं ते असं. पोपटांच्या पायांत रंगीत कडी असतात, कड्यांवर बारीक अक्षरं असतात. फोटोत ती अक्षरं वाचता आली तर पोपट कोणता, कुठे जन्मला, हे कळतं. नाही वाचता आली तर तुम्ही एक हिरवा पक्षी बघितला, एवढंच. मर्लने बघितला होता. खाऱ्या जमिनीतल्या झुडपांत, वीस पावलांवर, ऊन अंगावर घेऊन बसलेला. चाळीस फोटो काढले तिने. महिन्याच्या बैठकीत ते भिंतीवर लावले तेव्हा चाळीसच्या चाळीस फोटोंत पोपट म्हणजे हिरवा बोळा दिसत होता.

मंडळाचा प्रमुख लिंडसे ऑर्चर्ड. तो पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता, पण ते अजून कोणी त्याला सांगितलं नव्हतं. तो उठून भिंतीजवळ गेला, पट्टीने दाखवत म्हणाला, "मर्ल, गवत फार सुंदर आलंय." लोक हसले. मग त्याने आवाज मऊ केला, आणि तेच जास्त वाईट होतं. "हे बघ, वय आपल्या सगळ्यांचंच होतं. हात थरथरतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

त्याच बैठकीत लिंडसेचे स्वतःचे फोटोही लागले होते. तेही बोळेच होते. त्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी हवेला झळ होती, पाण्यावरची हवा नुसती नाचत होती," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जुलै महिना होता, म्हणजे तिथला भर हिवाळा. माना डोलावणाऱ्यांच्या हातांत लोकरीचे मोजे होते.

मर्ल एरवी असल्या माणसाला तिथल्या तिथे सोलून ठेवणारी. पण त्या दिवशी तिने आपले फोटो भिंतीवरून उतरवले आणि घर गाठलं. तिच्या बापाच्या हातांना अडुसष्टाव्या वर्षी कंप सुटला होता. आधी चहाचा कप बशीत वाजायला लागला, मग घरातले सगळे तो वाजला की मोठ्याने बोलायला लागले, आणि शेवटी आई त्याला चमच्याने भरवायची. मर्ल त्या वयाच्या दोन वर्षं पुढे निघून आली होती आणि आपण सुटलो असं तिला वाटायला लागलं होतं. बैठकीनंतर ती रोज जेवण झालं की ते चाळीस फोटो भिंगाखाली धरून बघत बसायची. हात हलल्याची खूण शोधायची. सापडायची नाही, पण न सापडल्याने कोणाचं भय गेलंय?

वर्ष गेलं. पुन्हा हिवाळा आला आणि पोपटांच्या गणतीची यादी घरोघरी पोचली. कोण कुठल्या तळ्यावर, कोण दुर्बिणीवर, कोण कॅमेऱ्यावर. सगळ्यात खाली लिहिलं होतं, मर्ल प्राउस, चहा आणि नोंदवही.

"बरं झालं," नवरा म्हणाला, "तेवढंच ओझं कमी." मग तिच्या तोंडाकडे बघून तो कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला. कुत्रा नुकताच फिरून आला होता.

गणतीच्या आधीचा रविवार म्हणजे मंडळात कॉन स्टाव्रूचा रविवार. कॉन मूळचा ग्रीक, जन्मभर कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करत आला होता, आणि कॅमेऱ्यांबद्दल त्याचं एकच म्हणणं होतं, की कारखान्यातून सुटून येतात ती नुसती स्थळं. लग्न आपल्याला लावावं लागतं. कॅमेरा चांगल्या घरचा, भिंग चांगल्या घरचं, पण दोघांना एकत्र बसवलं की एखादी जोडी पक्ष्याच्या डोळ्यावर रोखायच्या ऐवजी चार बोटं मागच्या गवतावर रोखते, दुसरी चार बोटं पुढच्या काटकीवर. कॅमेरा स्वतःच नेम धरतो, आणि आपला नेम चुकलाय हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक जोडीची चूक मोजायची, आणि कॅमेऱ्याच्या पोटात एक आकडा भरून ठेवायचा. अधिक सहा, उणे आठ, जे काय असेल ते. पुढे तो कॅमेरा त्या भिंगाला तेवढी सूट देऊन चालतो. कॉनच्या मते त्याच्या स्वतःच्या संसाराचंही हेच गुपित होतं, फक्त त्याचा आकडा बायकोने भरला होता.

मोठ्या भिंगांसाठी वीसेक मीटर सपाट जागा लागायची, म्हणून हे लग्नकार्य गवतावर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या बोल्स क्लबच्या हिरवळीच्या कडेला चालायचं. एका टोकाला कॉनची फळी, तिच्यावर काळेपांढरे चौकोन, शेजारी तिरकी लावलेली मोठी मोजपट्टी. पट्टीच्या मधोमध शून्य. शून्य स्वच्छ आलं तर जोडी जुळली. दुसऱ्या टोकाला तिपाई, टेबल, कॉनचा लॅपटॉप. मध्ये सॉसेज भाजायची शेगडी, कारण त्याशिवाय ऑस्ट्रेलियात चार माणसं एका जागी उभी राहत नाहीत.

मर्लने आपला कॅमेरा टेबलावर ठेवला. "कॉन, एक विचारते. खरं सांगायचं."

"मी कधी खोटं सांगितलंय?"

"तुझ्या बायकोला. नव्या भिंगाची किंमत."

"ती लोकसेवा होती," कॉन म्हणाला. त्याच्या डाव्या हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज होतं, कांदा खाली सांडत होता. "विचार."

"हा तिपाईवर लाव. हात न लावता फोटो काढ. चांगले आले, तर दोष माझ्या हातांचा. मग मी भिंग विकते आणि चहाचा थर्मास उचलते. कुरकुर करणार नाही."

कॉनने तिच्याकडे बघितलं. थट्टा करण्याचा त्याचा विचार होता, तो त्याने सॉसेजबरोबर गिळला. "आणि वाईट आले तर?"

"तर मग मी लिंडसेशी बोलेन."

"बिचारा," कॉन म्हणाला आणि कामाला लागला.

तिपाई घट्ट केली, लांबून दाबायचं बटण जोडलं. मर्लला त्याने तीन पावलं मागे उभं केलं आणि हात खिशात घालायला लावले. दहा फोटो. प्रत्येक फोटोच्या आधी नेम मुद्दाम बिघडवायचा आणि कॅमेऱ्याला परत धरायला लावायचा, म्हणजे एखादा चुकून बरा आला असं व्हायला नको. मर्ल खिशातल्या हातांच्या मुठी करून उभी होती. तिला एकाच वेळी फोटो वाईट यावेत असं वाटत होतं आणि असं वाटण्याची लाजही वाटत होती, कारण भिंगाला तिने पाट्यांची साठवलेली सगळी पुंजी घातली होती.

कॉनने पहिला फोटो लॅपटॉपवर मोठा केला. शून्य धुरकट होतं. त्याच्या मागे, पट्टीवर, सात आणि आठ लखलखीत. दुसरा तसाच. दहाच्या दहा तसेच.

"हात कुठे होते तुझे?"

"खिशात."

"मग खिशातून हलवलास होय कॅमेरा? कमालीची बाई आहेस."

मर्ल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. तिला रडू येत होतं, आणि बोल्स क्लबच्या हिरवळीवर एका सॉसेजवाल्या ग्रीक माणसासमोर आपल्याला रडू यावं याचा तिला संतापही येत होता. एक वर्ष. एक आख्खं वर्ष तिने घरात कप उचलताना बशीकडे कान दिला होता. गवत सुंदर आलंय म्हणे. गवत सुंदर आलं होतं तेच तर सांगत होतं, की हात स्थिर होते आणि नेम मागे पडत होता. हात हलले असते तर गवतही बिघडलं असतं. तीस माणसांत एकालाही ते सुचलं नाही, आणि तिलाही नाही, कारण भ्यालेल्या माणसाची अक्कल आधी जाते.

कॉनचं मात्र समाधान झालं नव्हतं. तो कॅमेऱ्याच्या पोटातला आकडा बघत होता. "अधिक सहा. मागच्या वर्षी मीच भरला. तेव्हा शून्य आरशासारखं आलं होतं. इतकं कसं बिघडेल? पाडलंस?"

"मी काय तू आहे?"

कॉनने भिंग काढलं, उलटं केलं, बुडाशी कोरलेला क्रमांक वाचला. मग आपली तेलकट वही काढली. प्रत्येक भिंगाचे शेवटचे तीन आकडे तो लिहून ठेवत असे. त्याने वही बघितली, भिंग बघितलं, परत वही बघितली. आणि मग, जे कॉनला ओळखतात त्यांना याचा अर्थ कळेल, त्याने हातातलं सॉसेज खाली ठेवलं.

"मर्ल, हे भिंग तुझं नाहीच."

"म्हणजे?"

"तुझं पाचशे सत्तावीस. हे सहाशे चार. सहाशे चार लिंडसेचं."

दोघांनी ती भिंगं एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच सवलतीत घेतली होती. दोघांनी त्यांना त्याच दुकानातलं पक्ष्यांपासून लपायचं तेच पानापानांचं कापड गुंडाळलं होतं. मागच्या वर्षी दोन्ही या टेबलावर शेजारीशेजारी पडली होती.

"पण कॅमेऱ्याला कळायला नको?" मर्ल म्हणाली. "आकडा भिंगाचा असतो ना?"

"हा कॅमेरा भिंगाचं फक्त आडनाव ओळखतो, नाव नाही. प्राउसांकडची कोणीतरी आली, एवढं बघतो आणि दार उघडतो. तू आलीस का तुझी बहीण आली, त्याला काही पडलेलं नाही." कॉनने मान खाजवली. "लिंडसेचं भिंग मुळातच मागे बघणारं. त्याला मी उणे आठ दिलं होतं. ते तुझ्या कॅमेऱ्यावर बसलं आणि उणे आठच्या ऐवजी अधिक सहा खाऊन आणखी मागे गेलं."

"आणि माझं त्याच्याकडे."

"तुझं पुढे बघणारं. ते त्याच्याकडे आणखी पुढे गेलं असणार."

लिंडसे शेगडीजवळ उभा राहून सॉसेज कसं उलटावं हे उलटणाऱ्याला सांगत होता. त्याला बोलावलं. तो आला, पण कॅमेरा पोटाशी धरून. "माझं काही बघायला नको. माझं उत्तम आहे. मागच्या वर्षी हवा होती तशी."

"नंबर वाच," मर्ल म्हणाली.

"बारीक आहे. चष्मा नाही."

"गळ्यात अडकवलाय तो काय कुत्र्याचा पट्टा आहे? आण इकडे." तिने भिंग त्याच्या कॅमेऱ्यावरून काढलं आणि शेगडीपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं. "पाच. दोन. सात."

एव्हाना तीसही माणसं पाव हातात घेऊन भोवती जमली होती. कॉनने छातीवर हात ठेवला. "चूक माझी. मागच्या वर्षी दोन्ही भिंगं मी पुसायला काढली होती. परत बसवताना माझा एकच हात मोकळा होता."

"दुसऱ्यात काय होतं?" कोणीतरी विचारलं, आणि सगळे हसले, कारण सगळ्यांना माहीत होतं.

हसू ओसरल्यावर मागून एक बाई म्हणाली, "म्हणजे लिंडसेची ती हवा, ती नव्हतीच का?"

लिंडसेचा चेहरा पावावरच्या सॉससारखा झाला. त्याने वर आकाशाकडे बघितलं, जणू तिथून कोणीतरी साक्षीला येणार होतं.

कॉनने भिंगं आपापल्या घरी परत पाठवली. मर्लची जोडी तिपाईवर चढवली, फोटो काढला. शून्य असं आलं की पट्टीच्या लाकडाचे रेशे दिसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मर्लला तेवढ्याने चैन कुठलं.

"आता तिपाई काढ," ती म्हणाली. "हातात धरून काढते. थरथर सावरायचं ते बटण बंद कर आणि शटर हळू ठेव. हात खोटे असतील तर लपायला नकोत."

तिने डावा तळवा भिंगाखाली घातला, कोपर बरगडीला टेकवलं, आणि श्वास अर्धा सोडून धरला, जसा ती चाळीस वर्षं ब्रशचा लांब फटकारा ओढताना धरत आली होती. पाच फोटो. पाचही शून्यावर, स्वच्छ, कडेवर केस ठेवला तर कापला जाईल असे. आपले हात जागेवर आहेत हे तिला त्या क्षणी अंगभर कळलं. बापाची आठवण आली, आणि वर्षात पहिल्यांदाच भीती न घेता आली.

"छान, छान," लिंडसे म्हणाला. "यादीत करतो मी बदल."

"यादी नंतर. तीस माणसांसमोर बोलला होतास, तीस माणसांसमोर परत घे."

"आत्ता?"

"सॉसेज गार होतायत, लवकर आटप."

लिंडसेने घसा साफ केला. तो वर्गासमोर उभा राहायचा तसा उभा राहिला, पण आवाज वर्गातला नव्हता. "माझी चूक झाली. मर्लचे हात चांगले आहेत. माझ्यापेक्षा चांगले आहेत."

शेवटचं वाक्य त्याच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. तेवढ्यात शेगडीवरून नवा घाणा उतरला आणि न्यायदानापेक्षा कांद्याचा वास जड ठरला. सगळी मंडळी तिकडे वळली.

कॉन फळी सरळ करायला पलीकडच्या टोकाला गेला होता. तिथून ओरडला, "लिंडसे, तुझीही जोडी बघून टाकू. मर्लसारखीच हातात धरून काढ, शटर तसंच हळू. मग मी आवरतो."

लिंडसेने कॅमेरा डोळ्याला लावला. एक फोटो. मग दुसरा. मग बराच वेळ थांबून तीन. त्याने मागच्या पडद्यावर ते बघितले आणि चष्मा लावून परत बघितले. मग कॅमेरा मर्लच्या हातात दिला.

शून्य पुढे नव्हतं, मागे नव्हतं. जिथे असायचं तिथेच होतं, फक्त दोन होती. पट्टीवरची प्रत्येक रेघ दोनदा उमटली होती, चौकोनांच्या कडा ओल्या रंगावरून बाही फिरल्यासारख्या पसरल्या होत्या. पाचही फोटोंत. वर्षभर रोज जेवण झाल्यावर ती आपल्या फोटोंत हेच शोधत होती, त्यामुळे ओळखायला तिला भिंग लागलं नाही. तिने मान वर केली. लिंडसेने कॅमेऱ्याचा पट्टा हातात धरून ठेवला होता, आणि त्याचा अंगठा त्या पट्ट्यावर आपणहून हलत होता, बारीक, एकसारखा. तिच्या बापाचंही अंगठ्यापासून सुरू झालं होतं.

"काय आलं?" कॉन ओरडला. शेगडीजवळची तोंडं वळली.

मर्लकडे वाक्य तयार होतं. वर्षभर तिने ते धार लावून ठेवलं होतं आणि ऐकायला तीस माणसं हजर होती. लिंडसे हिरवळीकडे बघत उभा होता. तोही त्या वाक्याचीच वाट बघत असावा.

तिने कॅमेऱ्यावरचं कचरापेटीचं बटण दाबलं. पाच वेळा.

"पुसले गेले," ती ओरडली. "माझंच बोट लागलं. मेले हात धड नाहीत माझे."

"आत्ताच तर प्रमाणपत्र मिळालं ना!" कॉन ओरडला, आणि शेगडीजवळ जो हशा उसळला तो मागच्या वर्षीपेक्षा मोठा होता. मर्लने त्यांना हात हलवून दाखवला.

"उद्या डॉक्टरांना फोन कर," ती लिंडसेला हळू म्हणाली. "माझ्या बापाने तीन वर्षं घालवली. आईने लपवलं, आम्ही लपवलं. काही उपयोग झाला नाही."

लिंडसेने अंगठा मुठीत धरला.

"कधीपासून आहे?"

"तुझे फोटो भिंतीवर लावले ना," तो म्हणाला, "त्याच्या आधीपासून."

शिव्या मर्लला चाळीस वर्षांच्या धंद्यात भरपूर मिळाल्या होत्या; त्यातली एक तिने अगदी मनापासून, खालच्या आवाजात त्याला दिली. मग त्याचा कॅमेरा आपल्या दुसऱ्या खांद्यावर टाकला आणि त्याला पुढे घालून सॉसेज घ्यायला नेलं.